अवघड जागेचे दुखणे : थांबायचे केव्हा, धावायचे केव्हा

प्रश्न : माझे वय ३३ आहे. चाकणजवळच्या एका कारखान्यात जुळणी विभागात काम करतो. आठ तासांच्या पाळीत बहुतेक वेळ उभे राहावे लागते. गेल्या तीन महिन्यांपासून डाव्या बाजूच्या अंडकोषात जडपणा आणि मंद कळ जाणवते. सकाळी काही नसते, पाळी संपत आली की ओढ लागल्यासारखे होते आणि घरी येऊन आडवे झाले की अर्ध्या तासात बरे वाटते. औषधाच्या दुकानातून पाच दिवसांच्या गोळ्या आणून घेतल्या. थोडा फरक पडला, पण पुन्हा तेच सुरू झाले. लग्नाला तीन वर्षे झाली असून अजून मूल नाही. पत्नीच्या तपासण्या चालू आहेत, माझी एकही झालेली नाही. पण पत्र लिहिण्याचे मुख्य कारण वेगळे आहे. गेल्या दिवाळीत माझ्या १४ वर्षांच्या पुतण्याच्या पोटात रात्री अचानक दुखू लागले आणि उलट्या झाल्या. फराळाचे बाधले असेल म्हणून घरच्यांनी ओवा दिला, पोट शेकले. खरे दुखणे कुठे आहे ते त्याने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितले, आणि शस्त्रक्रिया करून एका बाजूची गोळी काढून टाकावी लागली. तेव्हापासून मनात भीती बसली आहे. माझेही तसेच असेल का? मी आधीच धावत जायला हवे होते का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन दुखणी आहेत आणि ती एकमेकांपासून फार वेगळी आहेत. तुमच्या पुतण्याचे दुखणे तासांचे होते. तुमचे, वर्णनावरून तरी, आठवड्यांचे आहे. हा फरक नीट समजला तर तुमची भीती बरीचशी ओसरेल, आणि ज्यांच्या घरात वाढत्या वयाचे मुलगे आहेत अशा वाचकांनाही त्याचा उपयोग होईल. म्हणून आधी पुतण्याविषयी लिहितो आणि मग तुमच्याकडे वळतो.

एक शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. बोलताना आपण पिशवीलाही अंडकोष म्हणतो आणि आतल्या गोळीलाही. पुढे मी पिशवीसाठी अंडकोष आणि गोळीसाठी वृषण हा शब्द वापरतो. प्रत्येक वृषण एका दोरीसारख्या जुडग्याला लोंबकळत असते. या जुडग्यात रक्त आणणारी धमनी, रक्त परत नेणाऱ्या शिरा, मज्जातंतू आणि शुक्रवाहिनी असतात. बहुतेक मुलांमध्ये वृषण मागच्या बाजूने अंडकोषाला चिकटलेले असते, त्यामुळे ते फारसे फिरू शकत नाही. काही मुलांमध्ये मात्र ही पकड जन्मतःच नसते आणि वृषण घंटेतल्या लोलकासारखे मोकळे लोंबते. असे वृषण एखाद्या रात्री, झोपेतसुद्धा, स्वतःभोवती फिरते, दोरीला पीळ बसतो आणि रक्तपुरवठा थांबतो. याला वृषणाला पीळ पडणे म्हणतात. डॉक्टर त्याला टॉर्शन म्हणतात. हे कोणत्याही वयात होऊ शकते, पण १२ ते १८ या वयात त्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते. दुखणे अचानक सुरू होते, इतके अचानक की मुलगा पुष्कळदा नेमकी वेळ सांगू शकतो. सोबत मळमळ किंवा उलटी असते. त्या बाजूचे वृषण वर ओढले गेलेले आणि आडवे झालेले दिसते, आणि हात लावू दिला जात नाही.

पीळ सुटून रक्तपुरवठा सहा तासांच्या आत सुरू झाला तर दहापैकी नऊ वेळा वृषण वाचते. बारा तास उलटले की ही शक्यता निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते आणि २४ तासांनंतर ते क्वचितच हाती लागते. हे तास दुखणे सुरू झाल्यापासून मोजायचे असतात, रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हेत. खेड्यातून तालुक्याला आणि तालुक्यातून जिल्ह्याला जाण्यात किती वेळ जातो ते तुम्हाला सांगायला नको. त्यात घरी बसून सकाळची वाट पाहिली तर हातात काहीच उरत नाही. तरीही उशीर झाला म्हणून जाणेच टाळावे, असा याचा अर्थ नाही. कधी पीळ अर्धवट असतो आणि उशिरा आलेल्या मुलाचेही वृषण वाचलेले मी पाहिले आहे.

घरच्यांना दोष देऊ नका, ही विनंती मी मनापासून करतो. वृषणाचे दुखणे पोटात जाणवणे अगदी स्वाभाविक आहे. आईच्या गर्भात वृषण मूत्रपिंडाच्या शेजारी, पोटात तयार होते आणि जन्मापूर्वी खाली उतरून अंडकोषात येते. खाली येताना ते आपले मज्जातंतू वरूनच सोबत घेऊन येते. त्यामुळे इजा खाली झाली तरी कळ ओटीपोटात उमटते आणि उलटीही होते. त्यात १४ वर्षांचा मुलगा लाजेने "पोटात दुखतंय" एवढेच म्हणतो. अनेक वर्षांपूर्वी मी सरकारी रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर होतो, तेव्हा पहाटेच्या एसटीने आलेले एक बापलेक मला आजही आठवतात. मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बाकावर कलंडला होता. त्याच्या हातात दुसऱ्या एका दवाखान्याची चिठ्ठी होती, तिच्यावर पित्ताची औषधे लिहिलेली होती. आम्ही तपासायला पडदा ओढला आणि पायजमा खाली घ्यायला सांगितले, तेव्हा तो मुलगा रडू लागला. वेदनेपेक्षा संकोचाने रडत होता. वडील म्हणाले, "अरे, हे काल का नाही सांगितलंस?" त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. आदल्या दिवशी त्याला कोणी तिथे दुखते का म्हणून विचारलेही नव्हते, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याने कपडे काढून पाहिले नव्हते. वाढत्या वयाच्या मुलाला अचानक पोटदुखी झाली तर "खाली दुखतंय का?" हा प्रश्न आईवडिलांनीही विचारावा आणि डॉक्टरांनीही विचारावा, असे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आलो आहे.

शंका आली की मुलाला थेट अशा ठिकाणी न्यावे जिथे शस्त्रक्रिया होऊ शकते. गाडीची सोय नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. निघताना त्याला खायला-प्यायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. शेकू नये, मालीश करू नये. रुग्णालयात रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी लगेच होत असेल तर जरूर करतात; पण लक्षणे स्पष्ट असतील तर सोनोग्राफीसाठी दुसऱ्या गावाला पाठवण्यात वेळ घालवू नये, थेट शस्त्रक्रिया करून पाहणे हाच योग्य मार्ग मानला जातो. उघडून पाहिले आणि पीळ नव्हता, असे झाले तर एक छोटी जखम पदरी पडते. उलट चूक झाली तर वृषण जाते. खेळताना चेंडू लागला आणि मग दुखू लागले, एवढ्यावरही निश्चिंत राहू नका. मार लागल्यानंतर पीळ पडू शकतो, आणि जोराच्या माराने वृषण फाटूही शकते. नुसत्या माराचे दुखणे तासाभरात उतरणीला लागते. ते तसेच राहिले, सूज वाढू लागली किंवा त्वचा निळी पडली तर त्याच दिवशी तपासून घ्या.

काही मुलांमध्ये पीळ पडतो आणि आपोआप सुटतो. जोराची कळ येते, अर्ध्या तासात थांबते, पुन्हा काही आठवड्यांनी येते. दुखणे थांबले म्हणून घरचे विसरून जातात. हा इशारा असतो. अशा मुलाला दुखत नसतानाही सर्जनला दाखवावे, कारण वृषण टाक्यांनी जागेवर पक्के करण्याची शस्त्रक्रिया तेव्हा निवांतपणे करता येते.

आता तुमच्याकडे येतो. तुमचे दुखणे हळूहळू आले, तीन महिने टिकले, उभे राहिल्याने वाढते आणि आडवे झाल्यावर ओसरते. पीळ पडलेले वृषण असे वागत नाही. त्यामुळे तुम्ही आधीच धावत जायला हवे होते का, या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे. पण तीन महिन्यांत एकदाही कोणी तुम्हाला तपासले नाही, हे मात्र बरोबर झालेले नाही. पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये. तरी तुमच्या वर्णनाशी सर्वांत जास्त जुळणारे कारण सांगतो. त्याला व्हेरिकोसील म्हणतात. पायांवर जशा फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा दिसतात तशाच शिरा अंडकोषात वृषणाच्या वरच्या बाजूला तयार होतात. साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांमध्ये त्या आढळतात आणि बहुतांशी डाव्या बाजूला असतात. त्याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. उजव्या वृषणाची शीर तिरकी जाऊन पोटातल्या मोठ्या शिरेला मिळते. डाव्या वृषणाची शीर मात्र अधिक लांब असते आणि वर जाऊन डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. शिरेतल्या झडपा नीट बंद होत नसल्या की उभे राहिल्यावर रक्ताचा सगळा स्तंभ खाली दाबतो आणि शिरा फुगतात. आठ तास उभे राहून काम करणाऱ्या माणसाला संध्याकाळी जड वाटणे आणि पाठ टेकल्यावर ते उतरणे या रचनेशी नीट जुळते.

हे तपासायला फार काही लागत नाही. डॉक्टर तुम्हाला उभे करून बोटांनी चाचपतील आणि खोल श्वास घेऊन, तो रोखून, पोटावर जोर द्यायला सांगतील. फुगलेल्या शिरा तेव्हा बोटांखाली पिशवीत गांडुळे भरल्यासारख्या लागतात आणि आडवे झाल्यावर रिकाम्या होतात. तुम्हाला टेबलावर झोपवूनच तपासले तर सौम्य व्हेरिकोसील हाती लागत नाही. म्हणून "मला उभे राहिल्यावर जास्त होते" हे वाक्य आवर्जून सांगा. डॉपलर सोनोग्राफीने खात्री करता येते. याबाबत दोनतीन गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत. फुगवटा फक्त उजव्या बाजूला असेल, चाळिशीनंतर अचानक आला असेल किंवा आडवे झाल्यावरही जात नसेल, तर पोटात, विशेषतः मूत्रपिंडाजवळ, शिरेवर दाब देणारी गाठ नाही ना हे पाहण्यासाठी पोटाचीही सोनोग्राफी करून घ्यावी लागते.

व्हेरिकोसील असले म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागते असे नाही, हे मी ठासून सांगतो, कारण नाव ऐकताच ऑपरेशनची तारीख ठरवणारेही असतात. पुष्कळ पुरुषांना ते आयुष्यभर असते, त्रास देत नाही आणि मुलेही होतात. दुखणे बेताचे असेल तर आधार देणारी घट्ट अंतर्वस्त्रे किंवा सपोर्टर वापरणे, पाळीत मधूनमधून दहा मिनिटे बसणे आणि गरजेपुरती वेदनाशामक गोळी एवढ्याने भागते. हे करूनही दुखणे काही महिने टिकले, वाढत्या वयाच्या मुलात त्या बाजूचे वृषण लहान राहू लागले, किंवा मूल होत नसून वीर्य तपासणीत दोष निघाला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. सूक्ष्मदर्शक वापरून फुगलेल्या शिरा बांधल्या जातात आणि धमनी व लसिकावाहिन्या, म्हणजे ऊतींतला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या, वाचवल्या जातात. निवड नीट केलेली असेल तर बहुसंख्य रुग्णांचे दुखणे थांबते.

इथे तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मला थांबावेसे वाटते. लग्नाला तीन वर्षे झाली, पत्नीच्या तपासण्या चालू आहेत आणि तुमची एकही झालेली नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या उदाहरणांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणाच्या जोडीने असते, आणि व्हेरिकोसील हे त्यातले सर्वांत जास्त आढळणारे, दुरुस्त करता येण्याजोगे कारण आहे. वीर्य तपासणी ही सगळ्यांत सोपी, सुईशिवाय होणारी तपासणी आहे. त्याआधी दोन ते सात दिवस वीर्यपतन टाळावे लागते, नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा लागतो, आणि पहिला अहवाल कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करून मगच निष्कर्ष काढतात. तुमच्या पत्नीने आतापर्यंत रक्त तपासण्या, आतून केलेल्या सोनोग्राफी आणि नातेवाइकांचे प्रश्न असे सगळे सोसले असणार. तुमची तपासणी पहिल्याच महिन्यात व्हायला हवी होती. ती आता या आठवड्यात करा आणि अहवाल घ्यायला दोघे मिळून जा. त्यात दोष निघाला तरी पौरुषाचा त्याच्याशी काही संबंध नाही. पुरुषी संप्रेरक बनवणाऱ्या पेशी वेगळ्या आणि शुक्रजंतू बनवणाऱ्या वेगळ्या असतात. उपचारांनंतर सुधारणा दिसायला किमान तीन महिने लागतात, कारण एक शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडायलाच जवळपास तेवढा काळ जातो.

दुकानातून आणलेल्या गोळ्यांविषयीही लिहायला हवे. तुम्ही नाव दिलेले नाही, पण त्या बहुधा प्रतिजैविक आणि वेदनाशामक अशा मिश्र असाव्यात. थोडा फरक पडला तो वेदनाशामकाने. त्या पुन्हा आणू नका. अंडकोषात जंतुसंसर्ग होतो हे खरे आहे. वृषणाच्या मागे चिकटलेली, शुक्रजंतू साठवणारी एक गुंडाळलेली नळी असते, तिला सूज येते. हे दुखणे एकदोन दिवसांत वाढत जाते, ताप येतो, लघवीला जळजळ होते, त्वचा लाल आणि गरम होते. तरुणांमध्ये ते बऱ्याचदा लैंगिक संबंधातून आलेल्या जंतूंमुळे होते आणि तेव्हा जोडीदाराचाही उपचार करावा लागतो. पन्नाशीपुढे प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या वाढीमुळे तुंबलेल्या लघवीतले जंतू कारण ठरतात. लघवीची तपासणी करून योग्य औषध बहुधा दहा ते चौदा दिवस घ्यावे लागते. पाच दिवसांच्या अर्धवट गोळ्यांनी जंतू दबतात, मरत नाहीत. आपल्या देशात याच नळीला क्षयाची लागणही होते. तिथे दुखणे कमी, गाठी जास्त, आणि कधी अंडकोषाच्या मागे न भरणारी जखम असते. काही प्रतिजैविके क्षयाचे जंतू तात्पुरते दाबतात आणि निदान महिनोन्‌महिने लांबते. आणखी एक गोष्ट: गालफुगी झालेल्या किशोराला किंवा तरुणाला आठवड्याभरात वृषणाला सूज येऊ शकते. जंतुसंसर्ग समजून चालवलेला उपचार पूर्ण झाल्यावरही गाठ राहिली तर सोनोग्राफी करायलाच हवी. आणि १२ ते १८ या वयात अचानक सुरू झालेले दुखणे संसर्गाचे आहे, असे तपासणीशिवाय कोणीही ठरवू नये.

न दुखणाऱ्या गाठीबद्दल लोक निर्धास्त असतात आणि तिथेच चूक होते. वृषणाचा कर्करोग आपल्याकडे विरळ आहे, पण जेव्हा होतो तेव्हा मुख्यतः १५ ते ४० या ऐन तारुण्यात होतो, आणि वृषणातच घट्ट, न दुखणारी गाठ किंवा नुसता जडपणा एवढेच त्याचे रूप असू शकते. लहानपणी ज्यांचे वृषण खाली उतरलेले नव्हते त्यांना धोका अधिक असतो, मग पुढे शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो. दिलासा देणारी गोष्ट अशी की वेळेवर हाती लागला तर हा सर्वांत खात्रीने बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. महिन्यातून एकदा गरम पाण्याने आंघोळ केल्यावर, अंडकोष सैल पडलेला असताना, दोन्ही हातांच्या अंगठ्याने आणि बोटांनी प्रत्येक वृषण हळूच फिरवून पाहावे. वृषणाचा स्पर्श सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत असतो. मागे हाताला लागणारी मऊ, दोरीसारखी नळी स्वाभाविक आहे, आणि डावे वृषण थोडे खाली असणेही बहुतेकांत स्वाभाविक आहे. त्या गुळगुळीत पृष्ठभागावर वाटाण्याएवढा कडक भाग लागला तर दोन आठवड्यांच्या आत सोनोग्राफी करून घ्या. सोनोग्राफीपूर्वी अंडकोषात सुई घालून "पाणी काढू" असे कोणी म्हणाले तर नकार द्या. गाठ कर्करोगाची असेल तर सुईने ती पसरू शकते. अशा गाठीची शस्त्रक्रिया नेहमी जांघेतून करतात.

पाणी भरणे, म्हणजे हायड्रोसील किंवा आपली अंडवृद्धी, बहुधा दुखत नाही. ती जड होते आणि चालताना त्रास देते. अंधारात मागून टॉर्च लावली तर पाण्यातून उजेड आरपार दिसतो, गाठीतून दिसत नाही. पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात, ती पुष्कळदा डासांमुळे पसरणाऱ्या हत्तीरोगाची खूण असते. आशाताई वर्षातून एकदा समोर उभ्या राहून ज्या गोळ्या खायला देतात त्या याचसाठी असतात. त्या पदरात बांधून न ठेवता खाव्यात. अंतर्गळ, म्हणजे हर्निया, खोकल्यावर उतरतो आणि झोपल्यावर आत जातो. तो आत जाईनासा झाला, टणक होऊन दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकलेले असते आणि तिथेही हिशोब तासांचाच असतो.

कंबरेतून जांघेत आणि वृषणात उतरणारी, जागेवर बसू न देणारी कळ मुतखड्याची असू शकते. वृषणाला हात लावून पाहिले तर ते स्वतः दुखत नाही. मज्जातंतूंची जी वाट वर सांगितली त्याच वाटेने ही कळ खाली येते. नसबंदीनंतर थोड्या पुरुषांना दुखणे टिकून राहते आणि त्यावर उपचार आहेत. जांघेतल्या नायट्यावर दुकानातले स्टेरॉइड मिसळलेले मलम लावू नये, त्याने नायटा चिवट होतो. आणि काहींच्या बाबतीत सर्व तपासण्या करूनही कारण सापडत नाही. अशी दुखणी मनाचे खेळ नसतात आणि त्यांनाही उपचार आहेत, पण तिथे घाईने कापाकापी न करणारा डॉक्टर शोधावा.

मधुमेह असलेल्यांनी मात्र एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. अंडकोषाची किंवा त्यामागची त्वचा लाल होऊन भयंकर ठणकू लागली, ताप आला, आणि दुखणे दिसणाऱ्या लालीच्या मानाने फारच जास्त असेल, तर त्वचेखाली वेगाने पसरणारा, मांस कुजवणारा संसर्ग असू शकतो. त्वचा काळी पडण्याची वाट पाहू नये. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात दाखल व्हावे. यात जीव जाऊ शकतो.

तुम्हाला करायचे आहे ते असे. येत्या आठवड्यात सर्जन किंवा मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा. खासगी परवडत नसेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सर्जन असतो, आणि कारखान्यात कर्मचारी विमा असेल तर त्याच्या रुग्णालयातही जाता येईल. केसपेपर काढताना सांगितले नाही तरी चालेल, पण डॉक्टरांसमोर बसल्यावर "जांघेत दुखते" असे मोघम न सांगता "डाव्या वृषणात दुखते, तीन महिने झाले, उभे राहिल्यावर वाढते" असे स्पष्ट सांगा. मोघम सांगितले की माणसाला कंबरेच्या आणि गॅसच्या गोळ्या मिळतात. तपासणारी डॉक्टर स्त्री असेल तरी संकोच करू नका. तुमच्या सोबत कोणाला तरी थांबवा असे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. "अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य" ही म्हण आपल्याकडे उगाच नाही, पण डॉक्टर तुमचा जावई नाही आणि त्याने असे शंभर रुग्ण पाहिलेले असतात. एसटी स्टँडवर आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या गुप्तरोगांच्या जाहिरातींतल्या क्रमांकावर मात्र फोन करू नका. त्यांची कमाई तुमच्या संकोचावर चालते. डॉपलर सोनोग्राफी, लघवीची तपासणी आणि वीर्य तपासणी एवढ्यात बहुधा चित्र स्पष्ट होईल. तोपर्यंत सपोर्टर वापरा आणि शेकू नका. यादरम्यान कधी अचानक तीव्र कळ आली, ताप आला किंवा सूज वाढली तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच वेळी निघा. तुमच्या वयातही पीळ पडू शकतो, जरी तो कमी वेळा पडतो.

आता पुतण्याचे. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर दुसऱ्या बाजूचे वृषण टाक्यांनी पक्के केले असल्याची नोंद आहे का, ते भावाला आजच पाहायला सांगा. मोकळे लोंबण्याची ही रचना बहुधा दोन्ही बाजूंना असते, म्हणून त्याच शस्त्रक्रियेत दुसरे वृषणही जागेवर शिवून टाकतात. नोंद नसेल तर सर्जनला विचारा, आणि शिवलेले नसेल तर ते लवकर करून घ्या. एका निरोगी वृषणावर तो सर्वांसारखा वाढेल, दाढीमिशा येतील, लग्न करेल आणि त्याला मुलेही होऊ शकतील. हे त्याला कोणीतरी पुरुष माणसाने शेजारी बसवून सांगायला हवे, आणि मला वाटते ते काका म्हणून तुम्ही सांगावे. क्रिकेट, कबड्डी खेळताना त्याने गार्ड घालावा. त्याला धाकटा भाऊ असेल तर त्यालाही हे सगळे माहीत असू द्या, कारण काही घरांत ही रचना भावांमध्येही दिसते. आणि दोघांना एवढे बजावून ठेवा की खाली अचानक दुखू लागले तर रात्रीचे दोन वाजलेले असोत की तीन, बाबांना हलवून उठवायचे आणि कुठे दुखते ते नाव घेऊन सांगायचे.